आधी काम, मग कार्ड

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात ‘नवा पीसी असेंबल करायचाय’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो बजेटचा. आकडा सांगितला की थोड्याच वेळात कोटेशनचा कागद हातात पडतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. खाली १८ टक्के जीएसटी आणि त्याखाली बेरीज. दुकानदाराचं यात काही चुकत नाही. काउंटरवर गर्दी असते आणि आकड्यावरून यादी करणं त्याच्या हातचा मळ असतो. पण त्याच रकमेत दोन अगदी वेगळे पीसी बसतात, हे त्या कागदावरून गिऱ्हाइकाला कळत नाही. एकावर गेम सुसाट पळतो आणि व्हिडिओ एडिटिंग रखडतं, दुसऱ्यावर नेमकं उलटं होतं. यांतला कोणता आपला, हे बजेट सांगू शकत नाही. त्यासाठी स्वतःचं काम नीट ठाऊक असावं लागतं.

आज हे जास्त महत्त्वाचं झालं आहे, कारण घरातला पीसी नुसता गेमचा किंवा नुसता कामाचा राहिलेला नाही. दिवसा त्यावर रेव्हिट नाहीतर ब्लेंडर उघडलेलं असतं आणि रात्री व्हॅलोरंट. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. अनेक घरांत नव्या पीसीचा विषय निघाला तो यातून. मग खर्च करायचाच आहे तर दोन्ही कामं नीट होतील असं यंत्र हवं, आणि ते पुढची काही वर्षं टिकायला हवं. हे जमतं, पण भाग कोणत्या क्रमाने निवडायचे ते कळलं तरच.

सुट्या भागांची मुळं

सुटे भाग आणून पीसी जुळवण्याची ही मोकळीक १२ ऑगस्ट १९८१ पासूनची आहे. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाहेर आणला. यंत्र लवकर बाजारात यायला हवं म्हणून आयबीएमच्या गटाने बहुतेक भाग बाहेरून तयार घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतल्या रचनेची तांत्रिक पुस्तिकाही विकायला ठेवली. पुढे कॉम्पॅकने त्याच्याशी जुळणारं यंत्र काढलं आणि इतरांना वाट मोकळी झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आखून दिलं. मदरबोर्डवर स्क्रूची भोकं कुठे, विजेचा सॉकेट कसा, मागची खिडकी केवढी, हे त्यात ठरलं. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये आजही बिनबोभाट बसतो तो त्यामुळे.

आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारं किलकिली झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारात सामील झाला आणि या मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. मुंबईत हा माल उतरला तो ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण बाजारात तो लॅमिंग्टन रोडच. ‘शोले’ पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा थिएटर याच रस्त्यावरचं. रेडिओच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा धंदा इथे जुनाच होता, त्यामुळे कॉम्प्युटरचे भाग आले तेव्हा त्यांना तयार बाजार मिळाला.

कामाची यादी

माझी भाची नाशिकला लग्नांच्या फिल्म करते. जुना पीसी थकला होता. नव्यावर धंद्याचं काम व्हायला हवं होतं आणि रात्री ‘सायबरपंक २०७७’ खेळता यायला हवा होता.

“मामा, सरळ आय-नाइन घेऊन टाकू का? परत बघायला नको,” तिने फोनवर विचारलं.

“अगं, प्रोसेसरचं मागून बघू. तू दिवसभर काय काय करतेस ते आधी लिहून पाठव.”

तिने लिहून पाठवलं. सोनीचे दोन कॅमेरे, फोर-के चित्रण, १० बिट, ४:२:२. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हमध्ये. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं. खेळायचं ते १४४० पिक्सेलच्या मॉनिटरवर. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, एसी नाही. वीज अधूनमधून जाते.

या चार ओळींनी अर्धी निवड करून टाकली. ४:२:२ मध्ये कॅमेरा रंगाची माहिती नेहमीपेक्षा जास्त राखून ठेवतो. शालूच्या जरीचा आणि हळदीचा रंग नंतर सावरायला तीच उपयोगी पडते. पण असं चित्रण उलगडून दाखवण्याची सोय प्रत्येक चिपमध्ये नसते. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ती काही वर्षांपासून आहे. एन्व्हिडियाने ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणली. त्याआधीच्या ४० मालिकेतल्या महागड्या कार्डांतही ती नाही. सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळत राहते. म्हणजे स्वस्तात मिळालेलं मागच्या पिढीचं मोठं कार्ड खेळणाऱ्याला वरदान ठरेल, पण या कामात ते लंगडं पडेल. ही गोष्ट बजेटच्या आकड्यातून कधीच कळली नसती.

काम बदललं की यादी बदलते. ऑटोकॅड किंवा रेव्हिटवर घरांचे आराखडे काढणाऱ्याचं बरंचसं काम एकाच कोअरच्या वेगावर चालतं, त्याला सोळा कोअर देऊन उपयोग नाही. ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्याचा सगळा सीन ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावायला हवा. गेम बनवणाऱ्यांचं आणखी वेगळं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरिअल इंजिनवर बनला आहे. अनरिअलमध्ये शेडर आणि कोड कंपाइल होताना प्रोसेसरचे सगळे कोअर राबतात, तिथे बारा किंवा सोळा कोअरचा पैसा वसूल होतो. आणि नुसता व्हॅलोरंट स्पर्धेसाठी खेळणाऱ्याला ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर चपळ हवा.

मॉनिटर आधी

कोटेशनमध्ये मॉनिटर बहुधा शेवटी येतो, ‘उरलेल्यात बसवू’ म्हणून. खरं तर ग्राफिक्स कार्ड ठरतं ते त्याच्यावरून. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि फोर-के वर ८२.९ लाख. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र तयार करायला कार्डाला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला जेमतेम ७. पडदा मोठा आणि वेगवान निवडला की कार्डाचं काम किती पटींनी वाढतं ते या आकड्यांत दिसतं. फोर-के मॉनिटर घेऊन त्यावर छोटं कार्ड जोडलं तर गेम रडतखडत चालतो. १०८०पी च्या पडद्यावर बलदंड कार्ड जोडलं तर त्याची निम्मी ताकद पडून राहते. काम आणि खेळ दोन्ही करणाऱ्याला २७ इंची, १४४०पी, आयपीएस पडदा हा आजचा समतोल पर्याय आहे. रंगाचं काम असेल तर खोक्यावरच्या हर्ट्झपेक्षा रंग किती अचूक दाखवतो ते पाहून घ्यावं.

पडदा ठरल्यावर कार्डाच्या मेमरीकडे वळायचं. इथे नावं फसवतात. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं, नाव मात्र एकच. कार्डाची मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीच्या मुख्य रॅममध्ये सांडतो. तिथून तो आणायला वेळ लागतो आणि चालता गेम हिसके देऊ लागतो. रिझॉल्व्हमध्ये फोर-के चित्रावर नॉइज काढायला घेतलं की हीच मेमरी भराभर संपते. भाचीपुढे खरा पेच होता तो ५०६० टीआय १६ जीबी आणि ५०७० यांच्यात. ५०७० वेगाने सरस आहे, पण त्याच्याकडे मेमरी १२ जीबी. नुसतं खेळायचं असतं तर मी तिला डोळे झाकून ५०७० सांगितलं असतं. तिचं पोट एडिटिंगवर आहे, म्हणून १६ जीबीचं कार्ड ठरलं. शिवाय ते १८० वॉट खातं आणि ५०७० हे २५० वॉट. पत्र्याखालच्या खोलीत हा फरक लहान नाही.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम

आता तिच्या आय-नाइनकडे येऊ. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर काम करता करता कोलमडत असल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये जगभरातून आल्या. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप झिजत होती, असं निघालं. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आज त्या पिढीचा प्रोसेसर सवलतीत मिळत असेल तर बोर्डाचा बायोस नवा आहे ना, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. वापरलेला तर नकोच, कारण एकदा झिजलेली चिप नव्या बायोसने पूर्ववत होत नाही.

प्रोसेसर निवडताना आपण त्याचा सॉकेटही निवडत असतो आणि सॉकेटचं आयुष्य प्रोसेसरपेक्षा मोठं असू शकतं. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ चा. २०१७ मध्ये त्यावर पहिले रायझन आले. त्या वेळच्या कित्येक बोर्डांवर बायोस बदलून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. ज्यांनी तेव्हा बोर्ड बरा घेतला, त्यांनी पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून नव्या पीसीसारखा वेग मिळवला. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. भाचीसाठी एएम५ वरचा रायझन ७ ९७००एक्स ठरला. आठ कोअर, सोळा थ्रेड, ६५ वॉट श्रेणी. एक्स३डी प्रकारचे प्रोसेसर गेममध्ये आज अव्वल आहेत, कारण त्यांत कॅशे मेमरीचा एक जास्तीचा थर रचलेला असतो. ९८००एक्स३डी मध्ये ती ९६ एमबी आहे. पण त्या जास्तीच्या कॅशेचा एडिटिंगला फारसा फायदा होत नाही. तो पैसा तिने मॉनिटरकडे वळवला.

बोर्ड घेताना दिव्यांच्या झगमगाटापेक्षा मागच्या पॅनलवरचं एक बटण बघावं. बायोस फ्लॅशबॅक असलेल्या बोर्डावर पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. बी६५० सारखा बोर्ड दुकानात बरेच महिने पडून असेल तर तो रायझन ९००० मालिका ओळखत नाही आणि पीसी सुरूच होत नाही. नवखा माणूस अशा वेळी बोर्ड बिघडला म्हणून परत घेऊन जातो. हे बटण असेल तर काम घरच्या घरी निभावतं.

रॅमच्या बाबतीत दोनच काड्या, हा नियम एएम५ वर कसोशीने पाळावा. रायझन ९००० साठी एएमडी दोन काड्यांना ५६०० चा वेग देते, चार लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. म्हणून ‘आत्ता १६ जीबी, पुढे दोन काड्या वाढवू’ हा हिशेब इथे तोट्याचा ठरतो. पुढे ६४ जीबी लागणार असेल तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन काड्या घ्याव्यात. यात एक अडचण आहे आणि ती बाजाराची आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीच्या चिप वळल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना होणारी विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतकी वर्षं असेंबल करणाऱ्याचं ज्या भागाकडे लक्षही जात नव्हतं, तोच आता बजेटच्या छातीवर बसला आहे. जुना पीसी डीडीआर५ चा असेल तर त्यातली रॅम काढून नव्यात लावावी. डीडीआर४ ची काडी मात्र डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही.

जे दिसत नाही त्यावर

लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात ती एसएमपीएसवर. ते कॅबिनेटच्या तळाशी झाकलेलं असतं आणि त्याने गेमचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही. पण इतर प्रत्येक भागाचा जीव त्याच्या हातात असतो. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या मागणीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात असे झटके सोसण्याची अट घातली आहे. त्यामुळे डब्यावर ‘७५० वॉट’ आहे की नाही हे पाहिल्यावर एटीएक्स ३.१ आणि वॉरंटीची वर्षंही वाचावीत. ८० प्लस गोल्ड ही मोहर विजेची बचत मोजते, बिघाडापासून संरक्षण किती मिळतं ते ती सांगत नाही.

नव्या कार्डांच्या सोळा पिनांच्या जोडणीबद्दल सावध राहावं. ६०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर. वीज आत आणणाऱ्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीतून आठाहून जास्त. जोडणी अर्धवट बसली की एवढा प्रवाह थोड्या जागेतून जातो आणि प्लास्टिक वितळतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि पाठोपाठ असे प्रकार उघड झाले. जोडणी पूर्ण न बसणं हे त्यामागचं एक ठळक कारण असल्याचं एन्व्हिडियाने त्या वर्षी सांगितलं. पुढच्या सुधारित जोडणीत सूचना देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता आत गेल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज मागत नाही. तरीही प्लग बसवून झाला की डोळ्यांनी पाहावं. मधे फट दिसता कामा नये आणि तार जोडणीपाशीच एकदम वाकवू नये.

एसएमपीएसची गोष्ट घराच्या वायरिंगपर्यंत जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, हा अनुभव महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे. एसएमपीएसमधला गाळणी परिपथ थोडासा प्रवाह पत्र्यावर सोडतो आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो आपल्या हातातून जातो. हजारोंचा पीसी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो एक सॉकेट तपासून घ्यावा. या यादीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा खर्च.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा डबा साधारण ३६० वॉट देतो. भाचीचा पीसी पूर्ण भारावर सव्वातीनशे वॉटच्या आसपास जातो, वर मॉनिटर. म्हणजे रेंडर चालू असताना वीज गेली तर तो डबा हात टेकेल. तिने सुमारे ६०० वॉट देणारा घेतला, तोही शुद्ध साइन वेव्हचा. स्वस्त यूपीएसची वीज चौकोनी लाटेची असते आणि चांगल्या एसएमपीएसला ती काही वेळा मानवत नाही. वीज जाते, यूपीएस चालू होतो आणि तरीही पीसी बंद पडतो.

उकाड्याचा हिशेब सरळ आहे. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोली २५ वरून ४२ अंशांवर गेली की आतला प्रत्येक भाग तेवढाच जास्त तापतो. नागपूर-अकोल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवून पीसी घ्यायचा तर पुढून जाळीदार कॅबिनेट, धूळ अडवणारी काढता येणारी गाळणी आणि दोन-तीन बरे पंखे, एवढं हवंच. काचबंद देखणं कॅबिनेट त्या खोलीत भट्टी होतं. ६५ वॉटच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर पुरतो, पाण्याच्या कूलरची गरज नाही. टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा आणता येतो, पाण्याच्या बंद कूलरचा पंप गेला तर सगळा संचच बदलावा लागतो. कूलरची उंची आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये कॅबिनेटच्या मापाशी आधीच ताडून घ्यावी.

साठवण

इथे आकडेच बोलतात. २०० मेगाबिट वेगाने चित्रण झालं तर तासाला ९० जीबी होतात. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की १,०८० जीबी. म्हणजे १ टीबीची एसएसडी एका लग्नातच भरली. भाचीने सिस्टिमसाठी एक आणि चालू कामासाठी २ टीबीची वेगळी एनव्हीएमई एसएसडी घेतली. संपलेली कामं हार्ड डिस्कवर, दोन प्रतींत, त्यातली एक दुसऱ्या घरी. जेन-५ एसएसडीच्या डोळे दिपवणाऱ्या वेगाची इथे गरजच नाही. असं चित्रण सेकंदाला २५ एमबी मागतं आणि जेन-४ एसएसडी सुमारे ७,००० देते.

बिल आणि सील

भाग ठरले की भाव काढायचे. ऑनलाइन किंमत पाहून काउंटरवर जायला हरकत नाही, पण शे-दोनशेसाठी दुकान बदलण्याआधी पुढचा विचार करावा. पीसी सुरू झाला नाही तर बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस आलटून पालटून लावून दोष कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी दुसरा चालू भाग दुकानातच असतो. बिल पक्कं, जीएसटी क्रमांकासह घ्यावं. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहावा. वॉरंटी त्या नंबरावर मिळते. अधिकृत वितरकाऐवजी परस्पर आलेला माल थोडा स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर इथलं सर्व्हिस सेंटर तो घेत नाही. खोक्याविना मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर घेतानाही हे लक्षात ठेवावं. वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर आपल्यासमोर अर्धा तास भार देऊन चालवून पाहावं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आली. त्यांतली काही अजून हातोहात फिरत असतात.

जुळणी

दुकानदार पैसे घेऊन जोडून देतो. तरी एकदा स्वतःच्या हाताने जोडून पाहावं, असं मी आवर्जून सांगेन. भाचीच्या घरी जेवणाच्या टेबलावर खोकी उघडली. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक, १,७१८. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला की तो आपसूक खाली बसतो, दाबायचा नसतो. मग दांडी खाली ओढायची. तिला जोर लागतो, कुरकुर असा आवाज येतो आणि काळं प्लास्टिकचं झाकण टुणकन उडतं. भाचीचा हात थबकला. हे असंच व्हायचं असतं म्हटल्यावर तिने दांडी आकड्यात अडकवली. कूलरच्या तळाचं पारदर्शक आवरण काढलं, थर्मल पेस्ट लावली, रॅमच्या काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दाबल्या.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. अशा वेळी बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते वीज बंद करतात. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. थांबलो. बायोस आला. त्यात जाऊन एक्स्पो चालू केलं, नाहीतर पैसे देऊन घेतलेली वेगवान रॅम साध्या वेगानेच चालत राहते. मॉनिटरची तार बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावली आणि विंडोजमध्ये पडद्याचा वेग ६० वरून वर नेला. या तीन गोष्टी राहून गेलेले किती तरी महागडे पीसी आजही निम्म्या ताकदीने चालत असतील.

बदलता येण्याची किंमत

आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, फोनची बॅटरी चिकटवलेली असते. दुरुस्तीच्या हक्कासाठी भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा समावेश केला. असेंबल केलेल्या पीसीच्या मालकाला हा हक्क कुणाकडे मागावा लागत नाही. तो त्याच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरमध्ये आहे.

पण तो वापरता येईल की नाही, हे खरेदीच्या दिवशीच ठरतं. जे भाग बदलणं अवघड, त्यांवर आधी पैसा घालावा. बोर्ड आणि त्याचा सॉकेट, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. जे एका स्क्रूने निघतात त्यांत गरजेपुरतं घ्यावं. भाचीचं ७५० वॉटचं एसएमपीएस आज तिच्या गरजेपेक्षा मोठं आहे. चार वर्षांनी ती मोठं कार्ड घेईल तेव्हा तिला फक्त कार्डच घ्यावं लागेल. प्रोसेसर कमी पडला तर त्याच सॉकेटमध्ये नवा बसेल, बोर्ड आणि रॅम जागच्या जागी राहतील. लग्नसराईच्या ऐन धामधुमीत काही बिघडलं तर तेवढा एकच भाग काढून सर्व्हिस सेंटरला देईल आणि उरलेला पीसी घरीच राहील. भाग निवडताना एवढं साधलं, तर पुढची कित्येक वर्षं तिला पूर्ण नव्या पीसीचा खर्च काढावा लागणार नाही.